ओले हात, गोडे पाणी आणि करंट : पाऊस लागण्याआधी वाचा आणि घरात वाचून दाखवा



पाऊस तोंडावर आला आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस खोल समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. मालिम, शापोरा इथल्या बोटींवर जाणारी आपली मुले घरी येतात. बोटी किनाऱ्याला लागतात आणि दुरुस्तीची कामे सुरू होतात. त्याच दिवसांत इकडे सत्तरीत ओहोळ वाहू लागतात आणि रात्री चढणीचे मासे धरायला सगळे बाहेर पडतात. वारा, पाऊस, तुटलेल्या तारा, भिजलेले बोर्ड हे सगळेही याच दिवसांत. म्हणून यंदा जाळी, परवाने आणि अनुदानाचे अर्ज बाजूला ठेवून आम्ही विजेबद्दल लिहितो आहोत.

कुणी म्हणेल, मासे मारणाऱ्याचा आणि विजेचा संबंध काय? संबंध भरपूर आहे. घरात फ्रीजर आहे, तळ्यावर पंप आहे, होडीत बॅटरी आहे, बाजारात डोक्यावर बल्ब लोंबतो आहे. आणि या सगळ्या ठिकाणी आपले हात ओले असतात. इतर धंद्यातला माणूस ओल्या हाताने स्विचला हात लावू नको म्हटले की हात पुसतो. आपला हात पुसून कोरडा होतच नाही. खारवलेल्या मासळीचे पाणी, बर्फाचे पाणी, अंगावरचा घाम, सगळे मीठच.

हे मीठ का महत्त्वाचे, ते आधी समजून घेऊ. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. कोरडी, राठ कातडी करंटला बराच अडवते. तीच कातडी भिजली, त्यात मिठाचे पाणी मुरले, तर अडवणूक एक हजार ओहमच्या आसपास उतरते. २३० ला १००० ने भागा, म्हणजे २३० मिलीअँपिअर करंट शरीरातून जाणार. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लागायला साधारण तेवढाच करंट लागतो. आणि माणसाचे हृदय बिघडवायला याच्या पाचव्या हिश्श्याइतका, म्हणजे ५० मिलीअँपिअरच्या आसपास करंट पुरतो. त्याहून कमी, १० ते २० मिलीअँपिअरला हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वायर सोडायची म्हटली तरी सुटत नाही. लोक म्हणतात "करंटने ओढून घेतला". करंट ओढत नाही, आपलीच मूठ आपल्याला उघडता येत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेकांना उलटी माहीत आहे. मिठाच्या पाण्यातून वीज जास्त वाहते, म्हणून खारे पाणी जास्त धोक्याचे आणि गोडे पाणी त्यामानाने बरे, असे आपण धरून चालतो. कातडीवर लागलेल्या पाण्यापुरते ते खरे. पण माणूस पाण्यात उतरला असेल आणि त्या पाण्यात कुठून तरी करंट सुटला असेल, तर हिशेब उलटतो. समुद्राचे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा वीज चांगली वाहून नेते, म्हणून करंट बराचसा माणसाच्या बाजूने निघून जातो. गोड्या पाण्यात मात्र पाण्यापेक्षा माणसाचे शरीर, म्हणजे आतले रक्त आणि त्यातले मीठ, वीज जास्त सहज वाहून नेते. करंटला माणूस हीच सोपी वाट मिळते. म्हणजे गोड्या नदीत, तळ्यात, बंधाऱ्याच्या कोंडीत उतरलेल्या माणसाला धोका जास्त.

आपली म्हादई गांजेपर्यंत भरतीला फुगते, त्याच्या वर सगळे गोडेच पाणी. अंजुण्याच्या धरणाचे पाणी गोडे, वसंत बंधाऱ्यांचे गोडे, शेततळ्यांचे गोडे. आणि पावसाळ्यात नदीला इतके पाणी येते की खालची मांडवीसुद्धा बऱ्याच लांबपर्यंत गोडी होऊन जाते. म्हणून खाली जेटीवर काम करणाऱ्यांनीही हे आमचे नव्हे, वाळपईवाल्यांचे, असे समजू नये.

पाण्यात करंट लागलेला माणूस ओरडत नाही. हातपाय आखडतात, पोहता येत नाही, तोंड पाण्याखाली जाते. काठावरच्यांना वाटते बुडाला, आणि वाचवायला दुसरा उडी मारतो. मग दुसराही जातो. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पण काठावर पंप चालू असेल, पाण्यात केबल गेली असेल, तर उडी मारण्याआधी वीज बंद करायची, हे डोक्यात आधी पक्के बसलेले असले पाहिजे. त्या क्षणी ते सुचत नाही.

म्हणून तळेवाल्यांना आमचे सांगणे : पंप किंवा एअरेटर चालू असताना तळ्यात पाऊल टाकायचे नाही. जाळे अडकू द्या, मासे तडफडू द्या, आधी मेन बंद. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण पुष्कळ ठिकाणी वायरिंग करणाऱ्याने स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो. स्विच बंद, पंप बंद, आणि तरी वायरमध्ये करंट जिवंत. प्लग काढा किंवा मेन खाली करा. पाण्यातली मोटर वर काढताना केबलला धरून ओढू नका, तिला वेगळा दोर बांधलेला असावा. केबल ओढली की मोटरच्या तोंडाशी जोड सैल होतो, पाणी शिरते, आणि पुढच्या वेळी मोटर सुरू केली की अख्ख्या तळ्यात करंट. केबलला मध्येच जोड देऊन त्यावर टेप आणि वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पिशवी पाणी अडवत नाही, साठवते. पाण्यात जाणाऱ्या केबलला जोड नकोच. लांबी कमी पडली तर नवी केबल घ्या.

आता जे लिहायचे ते लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. उन्हाळ्यात कोंडीतले पाणी आटले की पंपाची वायर किंवा बॅटरी-इन्व्हर्टर घेऊन पाण्यात करंट सोडून मासे काढणारे अजून आहेत. कोण, कुठे, ते इथे लिहीत नाही. हा धंदा करणारा स्वतः गोड्या पाण्यात उभा असतो, म्हणजे वर सांगितला तो सगळा हिशेब त्याच्यावरच लागू होतो. हातात काठी, काठीला तार, पायात चप्पल नाहीतर फाटके गमबूट. पाय घसरला की संपले. आणि तो एकटाच नसतो. त्याच कोंडीत पन्नास पावलांवर कुणाची तरी आई कपडे धूत असते, गुरे पाण्यात असतात. करंट लहान-मोठा मासा बघत नाही. विक्रीला न जाणारी पिल्ले मरतात, वाचलेल्या मोठ्या माशांच्या पाठीचे मणके मोडतात, अंडी घेऊन चढणारी मादी मरते. पुढच्या वर्षी नदीत मासे नाहीत म्हणून ओरडणारेही पुन्हा तेच.

कायद्याचेही बघा. खांबावर आकडा टाकून वीज घेतली तर वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, ५ वर्षांपर्यंत. रानडुकरांसाठी बागायतीला करंटची तार लावणाऱ्यांनाही हेच लागू. रात्री नदीवर जाणारे आपले लोक कुळागरातून, काजूच्या बागेतून पायवाटेने जातात, आणि अशी तार अंधारात दिसत नाही. गोठ्यातल्या गाईला आणि माणसाला ती वेगवेगळी वागवत नाही. शेतकऱ्याचे नुकसान होते हे आम्हाला मान्य आहे. सौर कुंपणाचे यंत्र मिळते, ते क्षणभर झटका देते आणि थांबते, जीव घेत नाही. थेट २३० व्होल्टची तार म्हणजे फास. आपल्या सभासदांपैकी कुणाला अशी तार ठाऊक असेल तर शेजाऱ्याशी गोडीने बोला, आणि तरी नाही ऐकले तर वीज खात्याला कळवा. भांडण झाले तर झाले.

घरात येऊ. मासळी विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात आता फ्रीजर आहे. "फ्रीजरला हात लावला की झिणझिण्या येतात, पण काही होत नाही, सवय झाली" असे आम्हाला दोन-तीन घरांतून ऐकायला मिळाले. सवय झाली हे सगळ्यात वाईट. झिणझिण्या म्हणजे फ्रीजरच्या पत्र्यात करंट उतरला आहे आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही. आज चप्पल पायात आहे म्हणून झिणझिण्या. उद्या अनवाणी, ओल्या फरशीवर, दोन्ही हात बर्फात घालून उभे राहिलात तर वाट तुमच्या अंगातून.

तीन पिनांचा प्लग असतो, त्यातली वरची जाड पिन अर्थिंगची. ती पिन कापून किंवा दोन पिनांचा प्लग लावून फ्रीजर चालवणारे आहेत, कारण घरात तीन पिनांचा सॉकेट नाही. काही ठिकाणी सॉकेट तीन पिनांचा आहे, पण मागे अर्थिंगची वायरच आलेली नाही. नुसते भोक बघून समाधान मानू नका. परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. जमिनीत पुरलेला अर्थिंगचा पाइप दहा-पंधरा वर्षांत गंजून जातो, त्याची क्लिप तुटते, तेही बघायला सांगा.

आता एक यंत्र, ज्याच्याबद्दल फार गैरसमज आहे. बोर्डावर एमसीबी आहे, म्हणजे आपण सुरक्षित, असे सगळे धरून चालतात. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअरच्या वर करंट गेला तर पडते. माणूस मरायला ०.०५ अँपिअर पुरतो. एमसीबीला तुम्ही मेलेले कळणारसुद्धा नाही. माणसाला वाचवणारे यंत्र वेगळे, त्याला आरसीसीबी म्हणतात. बरेच लोक ईएलसीबी म्हणतात, वायरमनला दोन्ही कळतात. जेवढा करंट घरात गेला तेवढा परत येतो की नाही, हे ते मोजत असते. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुठेतरी माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालला, की डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडते. घ्यायची तर ३० मिलीअँपिअरची घ्या. १०० आणि ३०० ची मिळते, ती माणसासाठी नव्हे. तिची किंमत एका बऱ्या जाळ्यापेक्षा कमी आहे.

तिच्यावर एक छोटे बटण असते, 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले. महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली पाहिजे. नाही गेली तर यंत्र मेले आहे, बदला. आणि पावसाळ्यात ते वरचेवर पडायला लागले तर चिडून त्याला बायपास करू नका, वायरमननेही करू देऊ नका. ते पडते याचा अर्थ कुठेतरी करंट गळतो आहे. एक सांगायला हवे : एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीलाही काही कळत नाही. तेव्हा तिच्या भरवशावर उघड्या वायरी हाताळायच्या नाहीत.

बाजारात बसणाऱ्या आमच्या आई-बहिणींसाठी : संध्याकाळी मासळीवर लोंबणारा बल्ब उंच टांगा, डोके किंवा हात लागणार नाही इतका. होल्डर पितळेचा असेल तर प्लास्टिकचा घ्या. बल्ब फिरवून चालू-बंद करू नका, स्विच लावून घ्या, आणि तो स्विच मासे कापणाऱ्या हाताने नव्हे, शेजारणीला सांगून दाबा. चार्ज करायचे एलईडी दिवे आता स्वस्त मिळतात, ते सगळ्यात उत्तम. वायरच नको.

बोटीवाल्यांचे थोडे वेगळे. १२ व्होल्टच्या बॅटरीने शॉक बसत नाही हे खरे, पण तिच्यात आग लावण्याची ताकद मोठी. पाना हातातून सुटून दोन टोकांवर आडवा पडला की शेकडो अँपिअर करंट जातो, पाना लाल होतो, बॅटरी फुटू शकते. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो, म्हणून बंद कप्प्यात चार्जिंग नको, शेजारी विडी नको, स्टोव्ह नको. वायर सोडताना आधी उणे टोक सोडा, जोडताना उणे शेवटी. ॲसिड डोळ्यात गेले तर पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवत राहा आणि मग दवाखाना. आणि बॅटरीला इन्व्हर्टर जोडलात की पुढे निघते ती २३० व्होल्टच, घरातल्यासारखीच जीव घेणारी. बॅटरीचाच करंट तो, असे म्हणून ओल्या हाताने हाताळू नका. मोठमोठे जनरेटर घेऊन एलईडी लावून मासेमारी करायला केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातलेली आहे. त्या बोटींवर कामाला जाणाऱ्या मुलांना मासळीच्या नुकसानीबरोबर हेही कळले पाहिजे की ओल्या डेकवर जोड दिलेल्या वायरींमधून वावरणे म्हणजे काय.

बंदीच्या काळात बोटीवर वेल्डिंग आणि ग्राइंडिंग चालते. लांबच लांब एक्स्टेन्शन, चिखलातून ओढलेले, मध्ये दोन जोड. वेल्डिंग मशीनचा होल्डर ६०-८० व्होल्टचा असतो, म्हणून त्याला कोणी भीत नाही. पण लोखंडी बोटीच्या पोटात, चारी बाजूंनी लोखंड, अंग घामाने भिजलेले, अशा वेळी तेवढे व्होल्टही पुरतात. पाऊस पडत असताना उघड्यावर वेल्डिंग बंद. आत काम करणारा एकटा नको, बाहेर मशीनजवळ एक माणूस उभा हवा, ज्याला बटण कुठे आहे ते माहीत आहे. बर्फ फोडायच्या मशीनचेही तेच. ती तीन फेजवर, ४१५ व्होल्टवर चालते, खाली जमीन कायम ओली, आणि पोरे अनवाणी. मालकाला अर्थिंग विचारा. विचारायला लाज वाटू नये.

वादळ आणि पूर. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याजवळून गेले तेव्हा झाडे, खांब, तारा पडून कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्याच वर्षी २३ जुलैला म्हादईला पूर आला आणि सत्तरी, डिचोलीत घराघरांत पाणी शिरले. दोन्ही वेळी वीज परत येते तेव्हाचा क्षण नाजूक.

पडलेली तार मेलेली आहे असे कधीच धरू नका. ठिणगी नाही, आवाज नाही, तरी ती जिवंत असू शकते, किंवा वीज परत आली की जिवंत होते. निदान दहा मीटर लांब राहा. ओल्या जमिनीत तारेभोवती करंट पसरतो, आणि दोन पावलांत अंतर असले की एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. चुकून जवळ गेलातच तर पळू नका, मोठी ढांग टाकू नका, दोन्ही पाय जुळवून इंच-इंच सरकत मागे या. चढणीचे मासे धरायला रात्री ओहोळात उतरणाऱ्यांनी टॉर्च आधी वर मारावी, मग पाण्यावर. वरून तार लोंबत असेल तर त्या ओहोळात उतरायचेच नाही. नदी फुगली की पाणी वर येते आणि नदीवरून गेलेल्या तारा तेवढ्याच खाली आल्यासारख्या होतात, हे होडीवाल्यांनी लक्षात ठेवावे. उभा बांबू, ॲल्युमिनियमचा पाइप, कार्बनची गरी तारेपासून निदान तीन मीटर लांब. ११ हजार व्होल्टची तार स्पर्श व्हायची वाट बघत नाही, जवळ गेले की झेप घेते.

घरात पाणी शिरेल असे वाटले तर आधी मेन बंद. पाणी बोर्डापर्यंत आले असेल तर त्या पाण्यातून चालत मेनकडे जाऊ नका, १९१२ वर वीज खात्याला फोन करा. पाणी ओसरल्यावर मासळी खराब होते म्हणून लगेच फ्रीजर लावायची घाई होते. आम्हाला कळते, हजारोंचा माल असतो. तरी सॉकेट आणि मोटर सुकल्याशिवाय, वायरमनने बघितल्याशिवाय लावू नका. जनरेटर असेल तर तो सॉकेटमध्ये उलटी वायर घालून घराला जोडू नका. ती वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टची होते, आणि तुमचीच लाइन दुरुस्त करायला पावसात खांबावर चढलेला लाइनमन मरतो. चेंजओव्हर स्विच लावून घ्या.

आकाशातल्या विजेचे थोडक्यात. आपण सह्याद्रीच्या पायथ्याला, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट ठरलेला. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे 'दामिनी' ॲप फोनवर घ्या, जवळपास वीज पडत असेल तर दाखवते. चमक आणि गडगडाटात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. काठ गाठता येत नसेल तर होडीत खाली बसा, गरी आणि बांबू आडवे ठेवा. एकट्या झाडाखाली उभे राहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. कुणाला करंट लागला तर आधी वीज बंद. बंद करता येत नसेल आणि वीज घरगुती असेल, तर कोरड्या प्लास्टिकच्या क्रेटवर उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. होडीचे वल्हे नको, ते ओले असते. मोठ्या लाइनची तार असेल तर काहीच करू नका, लांब उभे राहून १९१२ आणि ११२. ज्याच्यावर आभाळातली वीज पडली त्याच्या अंगात मात्र करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. पुष्कळ लोक घाबरून दूर उभे राहतात आणि तिथेच वेळ जातो.

श्वास नाही, हालचाल नाही, तर वाळूत पुरणे, शेण लावणे, चिखलात ठेवणे असले काही करू नका. वाळू करंट 'शोषून' घेत नाही, अंगात शोषायला काही उरलेलेच नसते. सपाट जमिनीवर उताणा झोपवा, छातीच्या मधोमध तळहात ठेवून दुसरा हात त्यावर, आणि जोर देऊन दाबा, पाच ते सहा सेंटिमीटर खाली, मिनिटाला १०० ते १२० वेळा. थकलात तर दुसऱ्याने घ्यावे, थांबू नये. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. पाण्यातून काढलेला असेल तर तोंडाने श्वासही द्या. शुद्धीवर आला, बोलायला लागला, "मला काही नाही" म्हणाला, तरी वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात न्या. करंट आतून जाळतो, बाहेर बोटाएवढा डाग दिसतो, आणि हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

ज्यांच्या घरात फ्रीजरला झिणझिण्या येतात, किंवा आरसीसीबीचे बटण दाबून वीज जात नाही, त्यांनी पाऊस लागण्याआधी संस्थेच्या कार्यालयात नाव द्यावे. पाच-सहा घरे एका वाड्यातली झाली की आम्ही परवानाधारक वायरमनला एकाच दिवशी बोलावतो, म्हणजे प्रत्येकाला येण्या-जाण्याचा खर्च पडत नाही. तळ्यावर पंप असलेल्यांनी केबलला किती जोड आहेत ते मोजून सांगावे. मोजायला जाताना मेन बंद करून जावे.